हेल्मेट महाग, कागद मोलाचा

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नागरी संरक्षणाच्या वस्तू कशा ओळखायच्या, कशा वाचायच्या आणि कशा जपायच्या

लाल पार्श्वभूमी, वर मुकुट आणि खाली पांढऱ्या ठळक अक्षरांत ‘कीप काम अँड कॅरी ऑन’. हे पोस्टर कपावर, टी-शर्टवर किंवा एखाद्या ऑफिसच्या भिंतीवर तुम्ही नक्की पाहिले असेल. जर्मन बॉम्बवर्षावाला ब्रिटिश जनतेने कसे तोंड दिले, याची खूण म्हणून ते जगभर ओळखले जाते. पण ज्या लोकांसाठी ते छापले होते, त्यांतल्या बहुतेकांनी युद्धाच्या काळात ते पाहिलेलेच नव्हते. हे कसे घडले?

१९३९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच्या सुमारे २४ लाख ५० हजार प्रती छापल्या गेल्या. मोठा हवाई हल्ला झाला की लावायच्या, म्हणून त्या राखून ठेवल्या होत्या. तो मुहूर्त येण्याआधीच १९४० मध्ये कागदाची चणचण भासू लागल्यावर बहुतेक गठ्ठे लगदा करण्यासाठी गेले. २००० साली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ॲनिक गावातल्या ‘बार्टर बुक्स’ या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत हाती लागली. दुकानदारांनी ती चौकटीत बसवून लावली, गिऱ्हाइकांनी मागणी केली, नकला छापल्या गेल्या आणि पुढचे सगळ्यांना माहीत आहे.

युद्धाच्या आठवणी जमवणाऱ्याला या पोस्टरातून पहिला धडा मिळतो. जे आज प्रसिद्ध आहे ते तेव्हा वापरात असेलच असे नाही. उलट, जे रोज रात्री हजारो हातांतून गेले, ते आज ओळखणारा माणूस मिळणे कठीण. म्हणून या वस्तूंकडे पाहण्याआधी त्या कोणत्या कामासाठी होत्या, ते समजून घ्यायला हवे.

कोणाच्या वस्तू, कशासाठी?

पहिल्या महायुद्धातच लंडनवर बॉम्ब पडले होते. पुढचे युद्ध आकाशातून येणार, हे तेव्हाच लक्षात आल्यामुळे १९२४ पासून सरकारी पातळीवर त्याचा विचार सुरू झाला. या तयारीला ‘एअर रेड प्रिकॉशन्स’ म्हणजे हवाई हल्ल्यांपासूनची खबरदारी असे नाव होते, आणि लोक त्याला ए.आर.पी. म्हणत. एप्रिल १९३७ मध्ये वॉर्डनांचे दल उभे राहिले आणि १ जानेवारी १९३८ पासून स्थानिक संस्थांवर ही कामे कायद्याने बंधनकारक झाली.

वॉर्डन म्हणजे आपल्याच गल्लीतला शिक्षक, दुकानदार, कारकून किंवा गृहिणी. बहुतेक जण दिवसभराचे काम आटोपून बिनपगारी ड्यूटी करत. पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाला आठवड्याला ३ पौंड आणि स्त्रीला २ पौंड मिळत. त्यांच्या जोडीला सुटका पथके, प्रथमोपचार केंद्रे, स्ट्रेचरवाले, रुग्णवाहिका, निरोप्ये आणि साहाय्यक अग्निशमन दल होते. लेडी रीडिंग यांनी १९३८ मध्ये स्थापन केलेली स्त्रियांची स्वयंसेवी संघटनाही त्यांच्याबरोबर होती. १९४१ मध्ये या सगळ्याला ‘सिव्हिल डिफेन्स’ हे नाव मिळाले.

७ सप्टेंबर १९४० ला लंडनवर मोठा मारा सुरू झाला आणि सलग ५७ रात्री चालू राहिला. मे १९४१ पर्यंतच्या या पर्वात ब्रिटनमध्ये ४० हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. संग्राहक ज्या वस्तू जमवतात, त्या अशा रात्री हाताळलेल्या असतात.

एक बॉम्ब, एक कागद

बॉम्ब पडला की वॉर्डनने सर्वप्रथम काय करायचे? ढिगाऱ्याकडे धाव घ्यायची, असे आपल्याला वाटेल. शिकवण वेगळी होती : आधी अहवाल पाठवायचा. एकट्या माणसाने दोन विटा उचलण्यापेक्षा दहा जणांचे पथक नेमक्या जागी बोलावणे अधिक जीव वाचवते, हे त्यामागचे साधे गणित होते.

त्यासाठी एक छापील तक्ता ठरलेला होता. त्यात रकाने असे : कळवणारा कोण, घटना कुठे, बॉम्ब स्फोटक की आग लावणारा की विषारी वायूचा, जखमी अंदाजे किती, ढिगाऱ्याखाली कोणी अडकले आहे का, आग लागली आहे का. त्यापुढे पाण्याची नळवाहिनी, गॅसची वाहिनी, विजेच्या तारा आणि मलवाहिनी यांचे नुकसान; कोणते रस्ते बंद; न फुटलेला बॉम्ब कुठे; वेळ; कोणती मदत आधीच पोचली आहे. वॉर्डनच्या चौकीतून ही माहिती त्याच क्रमाने फोनवर सांगितली जाई. पलीकडे नियंत्रण केंद्रातली टेलिफोनवरची व्यक्ती तशाच तक्त्यावर ती उतरवून घेई. फोनच्या तारा तुटल्या असतील, तर सायकलवरचा एखादा पोरसवदा निरोप्या तोच कागद घेऊन अंधारातून जाई.

नियंत्रण केंद्रात भिंतीवर परिसराचा नकाशा असे. कागद आला की नकाशावर खूण व्हायची. कुठले पथक मोकळे, कुठला रस्ता बंद, कुठून वळून जायचे, हे त्या खुणांवरून ठरायचे आणि मग गाडी निघायची. अहवालातले ‘रस्ता बंद’ हे दोन शब्द चुकले, तर रुग्णवाहिका खड्ड्यापाशी येऊन अडकणार. म्हणूनच या कागदांवरची पेन्सिलीची अक्षरे घाईत लिहिलेली असली, तरी रकान्यांचा क्रम सहसा सोडलेला दिसत नाही.

दुसरा तितकाच महत्त्वाचा कागद म्हणजे वॉर्डनची घरोघरची नोंद. कोणत्या घरात किती माणसे राहतात आणि रात्री झोपतात कुठे, अंगणातल्या निवाऱ्यात, जिन्याखाली की तळघरात, याची माहिती तो ठेवत असे. घर कोसळल्यावर सुटका पथकाने खणायला कुठून सुरुवात करायची, हे त्यावरून ठरे. कुटुंब गावाला गेले आहे, एवढे कळले तरी कित्येक तासांचे खणणे वाचे.

सप्टेंबर १९४० पासून आधी लंडन, बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूल येथे आणि पुढे देशभर ‘बॉम्ब सेन्सस’ म्हणजे बॉम्बची गणना सुरू झाली. कुठला बॉम्ब कुठे पडला आणि त्याने काय केले, हे नकाशांवर नोंदले जाऊ लागले. ते नकाशे आज लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. लंडन काउंटी कौन्सिलने स्वतंत्रपणे घराघराचे नुकसान रंगांनी दाखवले : काळा म्हणजे पूर्ण नष्ट, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे, मग गडद लाल, फिका लाल, नारिंगी, आणि पिवळा म्हणजे किरकोळ. एखाद्या गल्लीतला वॉर्डनचा तक्ता आणि त्या गल्लीचा रंगीत नकाशा शेजारी ठेवला, की एका रात्रीचा इतिहास घरक्रमांकानिशी समोर येतो.

काय टिकले, काय नाहीसे झाले

बाजारातले भाव पाहून नवखा माणूस गोंधळतो. तब्बल ८० वर्षांपूर्वीचा, डब्यासकट असलेला गॅस मास्क तुलनेने स्वस्त, आणि चार ओळींचा चुरगळलेला कागद मात्र मिळता मिळत नाही. असे का?

सप्टेंबर १९३८ मध्ये युद्ध तोंडाशी आणणाऱ्या म्युनिक पेचप्रसंगापर्यंत ब्रिटिश नागरिकांना सुमारे ३ कोटी ८० लाख गॅस मास्क वाटले गेले होते. लहान मुलांसाठी लाल-निळ्या रंगाचे खास मास्क होते आणि तान्ह्या बाळांसाठी तर कमरेपर्यंत झाकणारी टोपीच होती. पण ब्रिटनवर विषारी वायूचा हल्ला झालाच नाही. न वापरलेली वस्तू माळ्यावर पडून राहते आणि म्हणूनच टिकते.

सिगारेटच्या पाकिटातल्या चित्रकार्डांचेही तसेच. विल्स कंपनीने १९३८ मध्ये हवाई हल्ल्यांपासूनच्या खबरदारीवर ५० कार्डांचा संच काढला. खिडक्या कशा झाकायच्या, आगीच्या बॉम्बवर पाणी कसे मारायचे, असे धडे त्यात होते. ती कार्डे मुळातच जमवण्यासाठी होती, त्यामुळे आजही सहज मिळतात. नव्या संग्राहकाने सुरुवात करायला ती उत्तम.

अंगणात अर्धी पुरायची ‘अँडरसन’ निवाऱ्याची पन्हळी पत्र्याची खोली युद्धानंतर सरकारने परत मागितली. ज्यांनी थोडे पैसे भरून ती ठेवून घेतली, त्यांच्या बागेत ती अवजारांची खोपटी झाली, आणि अशी काही खोपटी अजून उभी आहेत. कागदाला मात्र दोन्हीकडून मार बसला. युद्ध चालू असताना रद्दी गोळा करणे हे देशकार्य होते, आणि मे १९४५ मध्ये दल बरखास्त झाल्यावर चौकीच्या कपाटातल्या नोंदवह्या कोणाला नकोशा झाल्या.

खुणा वाचायच्या कशा?

नाव आणि अक्षरे. वस्तूवरची आद्याक्षरे काळ सांगतात. गणवेशावर लाल ‘ए.आर.पी.’ असेल तर तो सहसा युद्धाच्या पहिल्या भागातला, पिवळे ‘सी.डी.’ असेल तर १९४१ नंतरचा. साहाय्यक अग्निशमन दलाची ‘ए.एफ.एस.’ ही अक्षरे ऑगस्ट १९४१ पर्यंतची. त्यानंतर सगळी अग्निशमन दले एकत्र होऊन ‘एन.एफ.एस.’ झाली.

मुकुट. सहाव्या जॉर्जच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर चढतात. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी झाल्यावर जो मुकुट आला, त्याच्या कमानी मध्यभागी खाली वाकतात. ‘सिव्हिल डिफेन्स’ असे लिहिलेल्या बिल्ल्यावर हा वाकलेला मुकुट दिसला, तर तो महायुद्धातला नाही. १९४९ ते १९६८ या काळात अणुयुद्धाच्या भीतीने उभारलेल्या सिव्हिल डिफेन्स कोअरचा तो आहे. या दोन संघटनांच्या वस्तूंची गल्लत सर्वांत जास्त होते. शिवाय २०२२ नंतर राजे चार्ल्स यांनी पुन्हा घुमटाकार मुकुट निवडला आहे, तेव्हा नुसत्या मुकुटावर विसंबू नये.

चांदीचा ठसा. ए.आर.पी.चा गोल बिल्ला प्रसिद्ध शिल्पकार एरिक गिल यांनी रेखाटला आणि सरकारी टांकसाळीने घडवला. सुरुवातीचे बिल्ले चांदीचे. पुरुषांचा बिल्ला कोटाच्या काजात अडकवायचा, स्त्रियांचा पिनेचा. भिंगाखाली पाहिले की बिल्ल्यावर शुद्धतेचा बारीक ठसा दिसतो आणि त्यातले एक अक्षर वर्ष सांगते : लंडनच्या ठशात ‘ए’ म्हणजे १९३६, ‘बी’ म्हणजे १९३७, आणि असेच पुढे. युद्ध सुरू झाल्यावर चांदी थांबली आणि साधा धातू आला. म्हणजे चांदीचा बिल्ला असणारा माणूस बहुधा युद्धाआधीच नाव नोंदवलेला स्वयंसेवक.

हेल्मेट. काळ्या हेल्मेटवर पांढरा ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉर्डन. पांढऱ्या हेल्मेटवर काळा ‘डब्ल्यू’ म्हणजे वरच्या दर्जाचा वॉर्डन. ‘आर’ सुटका पथकाचा, ‘एम’ निरोप्याचा, ‘एस.पी.’ स्ट्रेचरवाल्यांचा. हेल्मेटच्या कडेला आतून कारखान्याची आद्याक्षरे आणि वर्ष ठोकलेले असते. ‘बी.एम.बी.’ म्हणजे डॅगनमची ब्रिग्ज मोटर बॉडीज. मोटारींचे सांगाडे बनवणारा कारखाना तेव्हा हेल्मेटे बनवत होता. कडेला बारीक भोके दिसली, तर पोलाद आघाडीवरच्या सैनिकासाठी पुरेसे मजबूत नाही असे ठरवून ते मागच्या कामासाठी दिले, असा अर्थ. आगीवर पहारा देणाऱ्या सामान्य नागरिकांसाठी उंच घुमटाचे वेगळे हेल्मेट होते. शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांच्या नावाने ते ओळखले जाते.

छपाईची ओळ. सरकारी पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत आकड्यांची एक ओळ असते. तिच्यात छपाईच्या मागणीचा क्रमांक, प्रतींची संख्या, छापखान्याची आद्याक्षरे आणि महिना-वर्ष दडलेले असते. ‘५०० एम’ म्हणजे ५०० हजार प्रती आणि ‘९/३९’ म्हणजे सप्टेंबर १९३९. पत्रकावर दुसरी कुठलीही तारीख नसली, तरी ही ओळ पुरावा देते. नक्कल करणारे मोठा मजकूर हुबेहूब छापतात. ही ओळ मात्र ते कधी गाळतात, तर कधी ती धूसर उमटते.

नक्कल कशी तयार होते?

सर्वांत जास्त नकला होतात हेल्मेटांच्या आणि शिट्ट्यांच्या. हेल्मेटाची नक्कल करायला पोलाद ओतावे लागत नाही. खरे, जुने, पण अक्षर नसलेले हेल्मेट स्वस्तात घ्यायचे, त्यावर ‘डब्ल्यू’ रंगवायचा, की किंमत वाढते. ओळखण्यासाठी अक्षर आणि ओरखडे यांचा क्रम पाहा. खऱ्या अक्षरावरून ओरखडा जातो आणि रंग तिथे तुटतो. नंतर रंगवलेल्या अक्षराचा रंग जुन्या ओरखड्यात आणि गंजाच्या खळग्यात उतरलेला दिसतो. मात्र वॉर्डनची बढती झाली की तेव्हाही हेल्मेट नव्याने रंगवत. त्यामुळे दोन थर दिसले म्हणून लगेच वस्तू खोटी ठरवू नये. अस्तर, हनुवटीचा पट्टा आणि कडेवरचे वर्ष एकमेकांशी जुळते का, ते पाहावे.

शिट्टीचा प्रकार सोपा आहे. बर्मिंगहॅमच्या जे. हडसन कंपनीने खरोखरच ‘ए.आर.पी.’ अक्षरांच्या शिट्ट्या बनवल्या. त्यावरचा ठसा खोल आणि स्वच्छ असतो. चकचकीत पितळेची, उथळ अक्षरांची शिट्टी ढिगाने मिळत असेल, तर ती आजच्या बाजारासाठी घडवलेली आहे.

नाव नसलेले पदक

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नागरी संरक्षणात तीन वर्षे सेवा केलेल्यांना ‘डिफेन्स मेडल’ मिळाले. त्याच्या फितीत मधला ज्वाळेचा रंग शत्रूच्या आगीचा, दोन्ही कडांचा हिरवा देशाच्या भूमीचा आणि दोन बारीक काळ्या रेघा ब्लॅकआउटच्या. पण या पदकावर मानकऱ्याचे नाव कोरलेले नसते. ते पुठ्ठ्याच्या लहानशा खोक्यात घालून टपालाने घरी आले. नाव आणि पत्ता होता फक्त त्या खोक्यावर.

खोके फेकले की पदक लाखो पदकांतले एक होते. खोके ठेवले, आणि त्याच्याबरोबर ओळखपत्र, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, ड्यूटीचा तक्ता असेल, तर तो एका माणसाचा पुरावा होतो. सातबाऱ्याशिवाय जमिनीचा जसा मालक सांगता येत नाही, तसा कागदाशिवाय वस्तूचा माणूस सांगता येत नाही. आणि या वस्तूंचे सगळे मोल त्या माणसात आहे. ब्रिडलिंग्टनच्या सुटका पथकातले थॉमस ॲल्डरसन ढिगाऱ्याखाली बोगदे खणून अडकलेल्यांपर्यंत गेले आणि १९४० मध्ये नव्याने सुरू झालेल्या जॉर्ज क्रॉस या शौर्यपदकाचे पहिले मानकरी ठरले. त्यांचे नाव इतिहासात आहे. पण युद्धात जीव गमावलेल्या नागरी संरक्षणातल्या हजारो स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांची नावे अशा चिठ्ठ्या-तक्त्यांतच उरली आहेत.

दुर्दैवाने जास्त पैसे मिळतात म्हणून व्यापारी एकाच घरातला संच फोडून विकतात : हेल्मेट एकाला, पदक दुसऱ्याला, कागद रद्दीत. हे नुकसान भरून येत नाही.

सांभाळताना

गॅस मास्क कधीही तोंडाला लावू नका. त्या काळच्या अनेक मास्कच्या गाळणीत निळे ॲस्बेस्टॉस आहे आणि त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. मुलांना ‘घालून बघ’ म्हणून देणे तर पूर्ण टाळावे. मास्क बंद पिशवीत, न उघडता ठेवावा.

बॉम्बचे अवशेष हाही धोक्याचा विषय आहे. जर्मनांच्या एक किलोच्या आगलाव्या बॉम्बचे शरीरच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. रिकामा दिसतो म्हणून तो निर्धोक मानू नये. पुरात किंवा बागेत सापडलेली वस्तू न हलवता पोलिसांना कळवावी.

युद्धकाळातला कागद हलक्या प्रतीचा आणि आम्लयुक्त असल्यामुळे पिवळा पडतो, ठिसूळ होतो. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हलक्या हाताने काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आम्लरहित फोल्डर आणि पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे वापरावीत. बाजारातल्या पीव्हीसीच्या पाकिटांमुळे कागद आणि शाई खराब होते. हेल्मेट किंवा बिल्ला घासून चकचकीत करू नये, कारण घासण्यात रंग आणि ठसा दोन्ही जातात.

चौकट : विकत घेण्याआधी पाच प्रश्न

१. ही वस्तू त्या काळात प्रत्यक्ष वापरली गेली होती का, की नंतर प्रसिद्ध झाली?
२. अक्षरे, मुकुट आणि वर्ष एकाच काळाचे आहेत का?
३. ठसा किंवा छपाईची बारीक ओळ भिंगाखाली स्वच्छ दिसते का?
४. वस्तू कोणाची, कोणत्या गावातली? विक्रेत्याकडे त्याचा कागद आहे का?
५. हा मोठ्या संचाचा तुकडा आहे का? असल्यास उरलेला भाग कुठे आहे?

आपल्या घरातले कागद

हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. पुढे उत्तर मुंबईचे खासदार झालेले व्ही. के. कृष्ण मेनन लंडनच्या सेंट पँक्रस भागात नगरसेवक होते आणि युद्धकाळात तिथे वॉर्डनचे काम करत. मुंबईतही त्या काळात ए.आर.पी. होती. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा अग्निशमन दलाबरोबर तिचे लोकही मदतीला धावले.

तेव्हा घरातली जुनी ट्रंक आवरताना पणजोबांचा दंडावरचा पट्टा, बिल्ला, ओळखपत्र किंवा ब्लॅकआउटचे एखादे पत्रक सापडले, तर तीन गोष्टी करा. सगळे एकत्र ठेवा. ते कोणाचे, कुठले, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून त्यातच घाला. आणि घरी सांभाळणे जमणार नसेल, तर भंगारात किंवा बाजारात देण्याआधी एखाद्या संग्रहालयाला किंवा अभिलेखागाराला विचारा. हेल्मेट दुसरे मिळेल. पेन्सिलीने लिहिलेला तो तक्ता दुसरा मिळणार नाही.